गरीचा नंबर आणि चोरलेला लेख

मंडळी, गरवण्यावरचा, म्हणजे गरीनं (गळानं) मासे पकडण्यावरचा लेख उचललेला आहे की नाही, हे ओळखायला दरवेळी सॉफ्टवेअर लागत नाही. आधी गरीचा नंबर बघा. गरीचे आकडे सुरुवातीला उलटे चालतात: १० नंबरची लहान, ४ ची तिच्याहून मोठी, १ ची आणखी मोठी. पुढे १/० आली की मोजणी सुलट होते आणि २/०, ४/० अशी गरी वाढत जाते. मूळ लेखात जिताडा या मोठ्या माशासाठी ४/० असतं. नकलेत तिरकी रेघ आणि शून्य गळतं, उरते ४ नंबरची गरी. बारक्या माशाला ती चालेल, दांडगा जिताडा ती सरळ करून निघून जाईल. ज्यानं कधी गरी पाण्यात टाकलेली नाही, त्याला यात काही खटकत नाही.

गाठीचंही तेच. गरी बांधायच्या इम्प्रूव्ह्ड क्लिंच गाठीत तंगुसाचं (नायलॉनच्या दोऱ्याचं) टोक गरीच्या नेढ्यातून, म्हणजे भोकातून ओवायचं, मूळ दोऱ्याभोवती ५-६ वेढे द्यायचे, टोक नेढ्यालगतच्या फटीतून काढायचं, मग त्यानं तयार झालेल्या मोठ्या फाशातून पुन्हा न्यायचं आणि थुंकीनं ओलं करून सावकाश आवळायचं. मजकूर आखडताना त्या मोठ्या फाशाची पायरी उडाली, की हाती राहते साधी क्लिंच. गुळगुळीत ब्रेडेड (विणलेल्या) दोऱ्यावर ती सरकते. यांत्रिक नौकांवरच्या वार्षिक मासेमारीबंदीच्या तारखाही तपासा. पश्चिम किनाऱ्याला १ जून ते ३१ जुलै, पूर्वेला १५ एप्रिल ते १४ जून. कोकणावरच्या लेखात एप्रिल दिसला, तर मजकूर कुठून आला ते वेगळं सांगायला नको.

एक मात्र लक्षात घ्या. ‘जिताड्याला ४/० वापरा’ ही माहिती कुणाच्या बापाची नाही. १९५७ चा कॉपीराइट कायदा तुमची शब्दरचना, मांडणी आणि फोटो राखतो, माहिती नव्हे. नोंदणी सक्तीची नाही. लिहिलं की हक्क आला, आणि तो लेखकाच्या हयातीनंतर ६० वर्षं टिकतो. परीक्षणासाठी चार ओळी उद्धृत करणं चालतं. अख्खा लेख डकवून खाली ‘साभार’ लिहिणं चालत नाही. आभार ही परवानगी नव्हे, आणि आपल्याकडे हा गैरसमज फार मुरलेला आहे.

चोरी शोधताना लेखाच्या मधल्या भागातलं सात-आठ शब्दांचं वाक्य अवतरणचिन्हांत टाकून शोधा. सुरुवातीचा परिच्छेद चोर बदलतोच. ऱ्हस्व-दीर्घ किंवा अनुस्वार दोन तऱ्हांनी लिहिले जाणारे शब्द त्यात नकोत, नाहीतर शोध हुकतो. ओळख पटावी म्हणून मुद्दाम चूक पेरायची असेल, तर ती वाक्यरचनेत पेरा. गरीत किंवा भरतीच्या वेळेत पेराल, तर फसेल तो वाचक.

सापडल्यावर आधी भांडू नका. चोराला सुगावा लागला की पान गायब होतं. पूर्ण पत्ता दिसेल असा स्क्रीनशॉट घ्या आणि ते पान इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये (वेबपानांच्या प्रती तारखेसह जपणाऱ्या साइटवर) साठवा. आपला लेखही प्रसिद्ध करतानाच तिथं साठवलेला असेल, तर तारखेचा वाद बराचसा मिटतो. फोटोंच्या मूळ फाइल जपा, कारण समाजमाध्यमांवर चढवलेल्या प्रतीतून कॅमेऱ्याची माहिती बहुधा पुसली जाते.

मग तक्रार. भारतीय नियमांनुसार लेखी तक्रार मिळाल्यावर मजकूर साठवणाऱ्यानं ३६ तासांत तो २१ दिवसांसाठी बंद करायचा असतो. मेख अशी, की त्या २१ दिवसांत दावा लावून न्यायालयाचा आदेश आणण्याची हमी तक्रारीतच द्यावी लागते. आदेश आला नाही, तर मजकूर परत दिसू शकतो. हौशी लेखकाला हे जड जातं. साइट अमेरिकी सर्व्हरवर असेल तर तिथल्या १९९८ च्या डीएमसीए या कॉपीराइट कायद्याखालची नोटीस सोपी पडते: मूळ लेखाचा पत्ता, नकलेचा पत्ता, तुमचा संपर्क, परवानगी दिलेली नसल्याचं सद्भावनेनं केलेलं निवेदन, माहिती अचूक असून तक्रारीचा अधिकार असल्याचं कथन आणि सही. समोरच्यानं प्रतिनोटीस दिली आणि तुम्ही दावा लावला नाही, तर १० ते १४ कामकाजी दिवसांत मजकूर परत येतो. जाणूनबुजून खोटी नोटीस दिलीत, तर नुकसानभरपाई तुमच्याच गळ्यात पडू शकते. म्हणून नुसती माहिती सारखी आहे म्हणून नोटीस धाडू नका. वाक्यं शेजारी शेजारी ठेवून पाहा, मगच पाठवा.