वरचं कोर्ट काय वाचतं?

(सोलापुरात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, सोलापूर कोर्टाबाहेरच्या चहाच्या गाड्यावर मी सगळ्यात जास्त ऐकलेलं वाक्य कोणतं, सांगू? ‘खाली काय बी होऊ द्या ओ, वर बघून घेऊ.’ हे म्हणणाऱ्याने ‘वर’ काय असतं ते बहुधा पाहिलेलं नसतं. आणि खाली काय चाललंय तिकडे त्याचं लक्ष नसतं.

बांधाचं भांडण घेऊ. समजा, मोहोळकडचे दोन भाऊबंद आहेत. एकाचं म्हणणं, दुसऱ्याने बांध कोरून 5 गुंठे घशात घातले. दावा तालुक्याला, दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर यांच्यापुढे लागतो. वादी पिंजऱ्यात उभा राहतो. उलटतपासात समोरचे वकील विचारतात, मोजणी झाली होती का? वादी खिशातून चार घड्या घातलेला मोजणीचा नकाशा काढतो. ‘हे काय की साहेब!’ न्यायाधीश विचारतात, दाखल केलाय का? वादी वकिलाकडे बघतो, वकील फाईलकडे. नकाशा परत खिशात जातो. पुढच्या तारखेला वादीच्या घरी लग्न, त्याच्या पुढच्या तारखेला संप. त्या कागदावर निशाणी, म्हणजे पुराव्याचा क्रमांक, काही पडत नाही, मोजणी करणाऱ्या भूमापकाची साक्षही होत नाही. म्हणजे घरातल्या सगळ्यांनी पाहिलेला तो नकाशा कोर्टाच्या लेखी नाहीच.

दावा फेटाळला जातो. आता जिल्हा न्यायालयात अपील, मुदत 30 दिवस. इथे पुराव्याची फेरतपासणी होते, कायद्याचीही होते. पण साक्षीदार पुन्हा बोलावून सगळा खटला नव्याने चालवायचा, असं नसतं. खालचं दप्तर, म्हणजे दाव्याचे कागद आणि नोंदवलेल्या साक्षी, वर येतं आणि न्यायाधीश तेच वाचतात. नवा पुरावा आणायचा तर दिवाणी प्रक्रिया संहितेत त्याची वाट अरुंद आहे. खालच्या कोर्टाने तो चुकीने नाकारला असावा, किंवा पुरेशी काळजी घेऊनही तेव्हा तो मिळाला नसावा, किंवा निकालासाठी वरच्या कोर्टालाच त्याची गरज वाटावी. ‘खिशात होता, द्यायचा राहिला’ हे यातल्या कशातही सहजी बसत नाही. आणि हो, अपील केलं म्हणून हुकूमनामा, म्हणजे खालच्या कोर्टाने निकालात दिलेला आदेश, आपोआप थांबत नाही. स्थगिती वेगळी मागावी लागते.

त्याच्या वर उच्च न्यायालय, म्हणजे दुसरं अपील. त्याच संहितेचं कलम 100. 1976च्या दुरुस्तीपासून तिथे कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न असेल तरच दार उघडतं. बांध बाभळीच्या अलीकडे की पलीकडे, हा काही कायद्याचा प्रश्न नव्हे.

लोकांना वाटतं, तलाठी, तहसीलदार, कलेक्टर अशीच ही उतरंड आहे. तसं नाही. कलेक्टर तहसीलदाराला फोन करून ‘हे काम आज करा’ म्हणू शकतात. उच्च न्यायालयाची खालच्या न्यायालयांवर देखरेख असते, संविधानाच्या कलम 227मध्ये ते आहे. पण चालू दाव्यात अमक्याच्या बाजूने निकाल द्या, असं कोणी कळवू शकत नाही. सर्वोच्च न्यायालयाने सांगितलेला कायदा कलम 141 प्रमाणे सगळ्यांवर बंधनकारक. मात्र तो तुमच्या प्रकरणाला लागू पडतो का, हे मोहोळच्या न्यायाधीशांनाच ठरवायचं असतं. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला ‘ऐतिहासिक निकाल’ घेऊन पक्षकार माझ्याकडे येतात. वाचून बघावं तर तो भाडेकरूचा असतो, आणि यांचं भांडण वाटणीचं!

एक गोष्ट मात्र खरंच बदलली. इतकी वर्षं आम्ही रात्रीची सिद्धेश्वर एक्स्प्रेस धरून मुंबईला जायचो, मांडीवर फायलींचं गाठोडं. 18 ऑगस्ट 2025 पासून कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झालंय आणि आपला जिल्हा त्यात आहे. ते वेगळं हायकोर्ट नाही बरं का, मुंबई उच्च न्यायालयच तिथे बसतं. खर्च वाचला, पण वाचायला दप्तर तेच.

मागून एका काकांनी आत्ताच चिठ्ठी पाठवलीय: ‘निकाल लागून 40 दिवस झाले, अपिलाची मुदत गेली का?’ काका, इतक्यात हात टेकू नका. निकालाची नक्कल तयार व्हायला लागलेला वेळ मुदतीतून वजा होतो. अर्ज कधी दिला आणि नक्कल कधी तयार झाली, त्या तारखा नकलेवरच्या शिक्क्यात असतात. उद्या ती घेऊन या, दिवस मोजू. तरीही उशीर भरलाच, तर विलंब माफीचा अर्ज देता येतो. त्यात उशिराचं कारण लिहावं लागेल. लग्नाचं नको.