बातमी सांगणारेही सैनिकच होते

श्रोतेहो, नमस्कार.

युद्धातल्या अत्याचारांची बातमी आली की एक तक्रार हमखास ऐकू येते: अशा बातम्यांनी सगळ्याच सैनिकांची बदनामी होते. ही तक्रार मला मनापासून तपासून पाहावीशी वाटते, आणि त्यासाठी व्हिएतनाममधल्या माय लाई गावात जावं लागेल.

१६ मार्च १९६८. अमेरिकी लष्कराची चार्ली कंपनी सकाळी गावात शिरली. समोरून गोळीबार झालाच नाही. घरांत होत्या बायका, म्हातारी माणसं, लेकरं. काही तासांत त्यांना मारून टाकलं. लष्कराच्या चौकशीत मृतांचा आकडा ३४७ निघाला. व्हिएतनामी लोक ५०४ सांगतात. पण तेव्हा वर्तमानपत्रांना कळवलं गेलं ते असं: शत्रूचे १२८ जण ठार. तसंच छापून आलं.

सत्य वीस महिने दडून राहिलं. ते बाहेर काढायला सुरुवात केली रॉन रायडनअवर या तरुणाने. तो स्वतः व्हिएतनामहून लढून परतला होता. सोबत्यांच्या तोंडून ऐकलेली हकीकत त्याने मार्च १९६९ मध्ये पत्रं लिहून काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, सदस्यांना कळवली. नोव्हेंबरात पत्रकार सेमूर हर्श यांनी बातमी फोडली. मग फोटो आले. तेही रॉन हेबर्ली या लष्करी छायाचित्रकाराने आपल्या खासगी कॅमेऱ्यावर टिपलेले: वाटेवर एकमेकांवर पडलेले बायका-मुलांचे देह.

त्या युद्धात सुमारे २७ लाख अमेरिकी गेले होते. यांतले बहुतेक माय लाईच्या आसपासही फिरकले नव्हते. तरी 'बालहत्यारे' हा शिक्का त्यांच्या पिढीवर बसला. आणि ज्याच्यावर तो बसायला हवा होता, त्याचं काय झालं? चार्ली कंपनीतल्या एका तुकडीचा प्रमुख लेफ्टनंट विल्यम कॅली १९७१ मध्ये दोषी ठरला, जन्मठेप झाली, तेव्हा व्हाइट हाउसवर त्याच्या बाजूने तारांचा पाऊस पडला. त्याच्या गौरवाचं गाणं निघालं, खपलंही. राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी त्याला तुरुंगातून काढून घरातच नजरकैदेत ठेवायला सांगितलं. साडेतीन वर्षांच्या आसपास, बस्स. निरपराध सैनिक संशयित झाले आणि गुन्हेगार कित्येकांना बळीचा बकरा वाटला. मला हे अतिशय क्लेशकारक वाटतं.

याचा दोष बातमीवर टाकणं मला पटत नाही. लष्कराने पहिल्याच आठवड्यात गुन्हेगारांना कोर्टापुढे उभं केलं असतं, तर लोकांना दोषी आणि निर्दोष वेगळे दिसले असते. लपवालपवी उघडी पडल्यावर मात्र माणसं विचारू लागतात, आणखी काय काय दडवलंय?

बातमीदारीची उणीव वेगळीच होती. मुखपृष्ठांवर कॅलीचा चेहरा झळकला. पण ह्यू थॉम्पसन किती जणांना ठाऊक झाला? त्या सकाळी या वैमानिकाने गावकरी आणि आपलेच सैनिक यांच्या मधोमध हेलिकॉप्टर उतरवलं. गावकऱ्यांवर कुणी गोळी झाडली तर आपल्याच माणसांवर बंदूक चालवा, असं त्याने लॉरेन्स कोलबर्न आणि ग्लेन अँड्रिओटा या साथीदारांना बजावलं. अँड्रिओटाने खंदकातल्या प्रेतांमधून एक जिवंत मूल बाहेर काढलं. तीनच आठवड्यांनी तो लढाईत मारला गेला. थॉम्पसनने वरिष्ठांकडे तक्रार केली, पुढे साक्ष दिली. त्याबद्दल त्याला मिळाल्या शिव्यांच्या चिठ्ठ्या आणि धमक्या. एका काँग्रेस सदस्याला तर शिक्षा त्यालाच व्हायला हवी असं वाटत होतं!

तीस वर्षांनी लष्कराने पदक द्यायचं ठरवलं, तेही गुपचूप. थॉम्पसन अडून बसला: समारंभ उघड्यावर, वॉशिंग्टनच्या व्हिएतनाम स्मारकापाशी व्हायला हवा आणि माझ्या दोन्ही साथीदारांनाही पदक हवं. ६ मार्च १९९८ रोजी, कॅमेऱ्यांसमोर, तसंच झालं.