स्टिअरिंग ड्यूटी पाच तास
(ज्येष्ठ नागरिक संघाच्या मासिक सभेत दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. अध्यक्षांनी ओळख करून देताना मला 'जगप्रवासी' करून टाकलं, ते आधी दुरुस्त करतो. मी एसटीच्या वाहतूक खात्यात ३१ वर्षं वेळापत्रकं केली. प्रवास लोकांनी केला, मी नुसत्या वेळा मांडल्या. स्वतः लांबचा प्रवास केला तो निवृत्तीनंतर, २०२२च्या सप्टेंबरात. न्यू जर्सीत मुलीच्या घरापासून सॅन फ्रान्सिस्कोपर्यंत, भाड्याच्या गाडीनं, आम्ही दोघंच. चालक मी, वाहक ही. तिकिटं सोडली तर वाहकाची सगळी कामं हिनंच केली.

जावईबापूंनी मोबाईल दाखवला. २,९०० मैल, त्रेचाळीस-चव्वेचाळीस तास. म्हणाले, "बाबा, आरामात पाच दिवस." मी म्हटलं, हे रनिंग टाइम झालं, वेळापत्रक नाही झालं. गाडी त्रेचाळीस तास चालेल हो, पण चालक सहासष्ट वर्षांचा आहे आणि आयुष्यभर रस्त्याच्या डाव्या बाजूनं चालवलंय. त्याची ड्यूटी आधी ठरवा. मी स्टिअरिंगचे पाच तास धरले. म्हणजे नुसते रस्त्याचे नऊ दिवस. वाट वाकडी करून यलोस्टोन राष्ट्रीय उद्यान बघायला चार, आणि तीन दिवस राखीव. सोळा झाले. आगारात राखीव गाडी ठेवतात ना, तसे ते तीन.

सकाळी सातला निघायचं, दुपारी तीन-साडेतीनला गाडी लावायची, हा नियम. पश्चिमेकडे जाताना दुपारनंतर सूर्य सरळ काचेतून डोळ्यांत येतो, आणि त्या सपाट मुलखात आडोशाला एक झाड नसतं. त्यात वाटेत तीनदा घड्याळ एक तास मागे जातं. या वाटेवर चार कालविभाग लागतात. आमच्या ड्यूटीला तीन वेळा पंचवीस तासांचा दिवस मिळाला. एसटीत असताना हे मिळालं असतं तर!

आता गाडी. तिकडे गाडी एका गावात घेऊन दुसऱ्या गावात सोडता येते, पण त्याचे वेगळे पैसे लावतात. जावईबापू चिडले, "ही लूट आहे." मला ते लगेच कळलं. आपल्याकडे ज्याला डेड किलोमीटर म्हणतात, तेच हे. कंपनीची गाडी दुसऱ्या टोकाला पडली, ती रिकामी कोण आणणार? म्हणून आधी गाडी सोडण्याचं गाव ठरवा, मग घेण्याचं. दोन्ही दिशांचे भाव काढून बघा. उलट दिशेनं कधी कधी बरंच स्वस्त पडतं, कारण त्यांनाच गाड्या तिकडे हव्या असतात. आम्हाला मुलीच्या घरून निघायचं होतं, दिशा बदलणं शक्य नव्हतं, पैसे मोजले.

विमे दोन वेगळे, आणि इथे आपली माणसं फसतात. एक भाड्याच्या गाडीच्या नुकसानीचा, दुसरा आपल्या हातून दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याचा. पहिला आहे म्हणून निर्धास्त राहू नका. तिकडची इस्पितळाची बिलं ऐकून आहात ना, मग दुसरा जास्त महत्त्वाचा. एक युक्ती सांगतो. बुकिंग करताना राहण्याचा देश 'भारत' असा खरा खरा भरा. पुष्कळदा दोन्ही विमे धरूनच भाडं दाखवतात. मुलीच्या तिकडच्या खात्यातून बुक केलं तर ते सुटे विकत घ्यावे लागतात. परवाना आपला चालतो, पण आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढून घ्या, वर्षभर चालतो, आणि दोन्ही जवळ बाळगा.

टोलचा एक अनुभव. कंपनीचं नाव घेत नाही. गाडीत टोलचं यंत्र लावून दिलं. टोल लागला मोजून चार दिवस, यंत्राचं भाडं कापलं सोळाही दिवसांचं. काउंटरवरच विचारा.

रस्ता आय-८०. आता मी जरा रंगणार आहे, कारण हे माझ्या धंद्यातलं आहे. तिकडच्या इंटरस्टेटला, म्हणजे राज्याराज्यांतून जाणाऱ्या महामार्गाला, पूर्व-पश्चिम असेल तर सम आकडा, दक्षिणोत्तर असेल तर विषम. सम आकडे दक्षिणेकडून उत्तरेकडे वाढत जातात, म्हणून आय-१० खाली आणि आय-९० वर. बाहेर पडायच्या फाट्यांचे आकडे बहुतेक राज्यांत मैलांचेच असतात, राज्याच्या पश्चिम सीमेपासून मोजलेले. नेब्रास्कात पूर्वेकडून शिरलात की ४५०च्या घरात सुरुवात, आणि उतरत उतरत वायोमिंगच्या हद्दीशी शून्याजवळ. हिनं पहिल्याच दिवशी हे ओळखलं. "आता १७९ नंबर, मुक्काम १७७ला, दोन मैल, उजवी लेन धरा." मोबाईलची रेंज गेली तरी आमच्या वाहकाचं काही अडलं नाही.

हे रस्ते कसे झाले? १९१९मध्ये लष्कराचा ट्रकांचा ताफा वॉशिंग्टनहून सॅन फ्रान्सिस्कोला निघाला, ६२ दिवस लागले. त्यात आयझेनहॉवर नावाचा एक तरुण अधिकारी होता. पुढे तो राष्ट्राध्यक्ष झाला आणि १९५६मध्ये त्यानं इंटरस्टेटच्या कायद्यावर सही केली. त्याच्याही आधी, १९०९मध्ये, अॅलिस रॅमसी नावाची बावीस वर्षांची बाई न्यूयॉर्कहून सॅन फ्रान्सिस्कोला स्वतः गाडी हाकत गेली. ५९ दिवस. सोबत तीन बायका, तिघींपैकी एकीलाही गाडी येत नव्हती. मुलगी आमची काळजी करत होती, तिला मी हेच ऐकवलं.

नेब्रास्काबद्दल सगळे सांगतात, रात्रीतून पार करा, मक्याशिवाय काही नाही. ऐकू नका. रस्ता बराचसा प्लॅट नदीच्या काठानं जातो. याच खोऱ्यातून बैलगाड्यांचे तांडे ओरेगॉनकडे गेले, याच खोऱ्यातून रेल्वे गेली, जी १८६९मध्ये युटात पश्चिमेकडून आलेल्या रुळांना मिळाली. कोझॅड गावात शंभराव्या रेखांशाचा फलक आहे. साधारण तिथून पुढे पाऊस कमी कमी होत जातो आणि शेतीच्या जागी गुरांची कुरणं दिसायला लागतात. आपल्याकडे वाईहून दहिवडीकडे जाताना रंग बदलतो ना, तसंच, फक्त त्याला एक अख्खा दिवस लागतो. आणि नॉर्थ प्लॅट! जगातलं सगळ्यात मोठं रेल्वे यार्ड तिथे आहे, बेली यार्ड. मनोऱ्यावर चढून मालगाड्या फोडताना-जोडताना बघता येतात. मी तिथे तीन तास होतो. राखीवातला एक दिवस तिथेच गेला, आणि ही अजून ते काढते.

पुढे वायोमिंग. शर्मन समिटला आय-८० सर्वांत उंच, ८,६४० फूट. कळसूबाईपेक्षा तीन हजार फूट वर, आणि घाट चढल्याचं कळतही नाही. वारा मात्र असा की ट्रकही हलतात. हिवाळ्यात हा पट्टा वारंवार बंद ठेवतात, यलोस्टोनमधले बहुतेक रस्ते तर नोव्हेंबर ते एप्रिल गाड्यांना बंदच. म्हणून जून ते सप्टेंबर. सप्टेंबर उत्तम, शाळा सुरू झालेल्या असतात.

रॉक स्प्रिंग्जहून आम्ही उत्तरेला वळलो. यलोस्टोनच्या आतली खोली आधी मिळवा, सात-आठ महिने तरी आधी, मग तिच्या तारखेवरून मागेपुढे मोजा. बाकी मुक्काम आदल्या दिवशी फोनवर ठरवले. पुष्कळ मोटेलं गुजराती मंडळींची. एका काकूंनी इलेक्ट्रिक कुकर बघितला आणि खोलीत येऊन फोडणीला मोहरी देऊन गेल्या. पार्कांच्या वार्षिक पासाचं मात्र बदललंय. आम्हाला ८० डॉलर पडला, २०२६पासून बाहेरच्या देशातल्यांना २५० आहे. खर्चात धरा.

पेट्रोल. न्यू जर्सीत स्वतः भरायला बंदी, पुढे मात्र सगळीकडे स्वतःच भरायचं. पंप पिनकोड मागतो आणि आपला सहा आकडी पिनकोड त्याला गिळवत नाही. आत जाऊन काउंटरवर पैसे द्या आणि पंपाचा नंबर सांगा. हिरव्या दांड्याला सहसा डिझेल असतं, तिकडे हात नको. नेवाडात टाकी अर्ध्यावर आली की भरायची, पुढचं गाव किती लांब आहे ते विचारत बसायचं नाही.

सोळाव्या दिवशी बे ब्रिज, सॅन फ्रान्सिस्कोत शिरणारा पूल. टोल आहे, पण थांबायला नाका नाही, नंबरप्लेटचा फोटो निघतो. मी रोजचं लॉगशीट भरलं होतं. निघण्याची वेळ, पोचण्याची वेळ, मैल, इंधन, शेरा. एकूण ३,६४२ मैल. गाडी परत करताना ते नीट घडी करून कंपनीच्या काउंटरवर ठेवलं. पोरानं गाडीच्या काचेवरचा कोड यंत्रानं टिपला, टाकी बघितली, "ऑल सेट" म्हणाला आणि पुढच्या गाडीकडे गेला. लॉगशीटकडे बघितलंसुद्धा नाही.

ते मागच्या टेबलावर ठेवलंय. चहा घेताना बघा. सांडू नका फक्त.