हाडांतले जुने कोलॅजन

इंदुरात रामबागेकडच्या एखाद्या मराठी घरात सत्तरीच्या आजींच्या औषधांच्या डब्यात आठवड्यातून एकदाच घ्यायची एक गोळी असते. तिचे नाव ॲलेंड्रोनेट; ठिसूळ हाडांसाठी दिल्या जाणाऱ्या बिस्फॉस्फोनेट या औषधगटातली ती एक. ती सकाळी उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर घ्यायची आणि पुढचा अर्धा तास आडवे व्हायचे नाही. तेवढा वेळ चहा आणि पोहे-जिलबीही बाजूला ठेवावी लागते, कारण या गोळीचा एक टक्क्याहूनही कमी अंश रक्तात शोषला जातो आणि दुधातले कॅल्शियम तेवढाही अडवून धरते.

हा इवलासा अंश हाडात जाऊन वर्षानुवर्षे राहतो. तो तिथे काय करतो, हे समजण्यासाठी आधी हाड पाहू.

हाड म्हणजे नुसते कॅल्शियम नव्हे. कोंबडीचे हाड काही दिवस व्हिनेगरमध्ये ठेवले, तर त्यातले खनिज विरघळते आणि उरलेले हाड हाताने वाकवता येते. हा वाकणारा भाग मुख्यतः कोलॅजनचा असतो. तीन साखळ्यांचा पीळ असलेली या प्रथिनाची रचना 1954 मध्ये मद्रासला जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्था यांनी मांडली, याचा आपल्याला अभिमान वाटायला हवा. खनिज हाडाला कडकपणा देते, तर आघात सोसून न तुटण्याची चिवटता कोलॅजनमुळे येते.

हाड आयुष्यभर खोदले जाते आणि पुन्हा भरले जाते. रजोनिवृत्तीनंतर इस्ट्रोजेन कमी होते, तेव्हा खोदणे भरण्याच्या पुढे जाते. बिस्फॉस्फोनेट खनिजाला चिकटून बसते, खोदणाऱ्या ऑस्टिओक्लास्ट पेशी ते खनिजासोबत गिळतात, आणि त्यांच्यातले एक आवश्यक विकर बंद पडल्याने त्या निकामी होतात. कोलॅजन तुटल्यावर रक्तात येणारे तुकडे त्यामुळे घटतात. ठिसूळ हाडांच्या स्त्रियांमध्ये मणके मोडण्याचे प्रमाण मोठ्या चाचण्यांत जवळपास निम्म्यावर आले आहे. हा लाभ खरा आहे आणि तो कमी लेखू नये.

मात्र जे खोदले जात नाही, ते नवेही होत नाही. जुन्या कोलॅजनवर रक्तातली साखर आपोआप बसते आणि धाग्यांमध्ये पेंटोसिडिनसारखे बंध तयार होतात, ज्यांनी धागा ताठर होतो. दीर्घकाळ बिस्फॉस्फोनेट दिलेल्या कुत्र्यांच्या हाडांत असे बंध वाढलेले आणि चिवटता घटलेली आढळली. हाडांची घनता पाहणारी डेक्सा तपासणी फक्त खनिज मोजते, त्यामुळे अहवाल चांगला आला तरी हा बदल त्यात दिसत नाही. मधुमेहात असे बंध अधिक साठतात, म्हणून मधुमेही आजींच्या बाबतीत केवळ घनतेच्या आकड्यावर विसंबणे मला अपुरे वाटते.

दीर्घ उपचारानंतर क्वचित मांडीचे हाड किरकोळ धक्क्याने आडवे मोडते. 2010 मध्ये अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने त्याचा इशारा दिला. दुरुस्त न झालेल्या सूक्ष्म भेगा आणि जुने झालेले कोलॅजन ही त्याची संभाव्य कारणे मानली जातात, आणि आशियाई स्त्रियांत हे प्रमाण अधिक आढळले आहे. पुष्कळदा मोडण्याआधी काही आठवडे मांडीत किंवा जांघेत दुखत असते. ‘वयाचे दुखणे’ म्हणून ते सोडून न देता दोन्ही मांड्यांचा एक्स-रे काढून घ्यावा.

त्वचा आणि स्नायुबंध यांतही कोलॅजन असते, पण खनिज नसल्याने औषध तिथे फारसे साठत नाही. हिरड्यांचे मात्र वेगळे आहे. जबड्याच्या हाडाला त्या लागून असतात, आणि कोलॅजन बनवणाऱ्या त्यांच्या पेशींची वाढ या औषधाने मंदावते, असे प्रयोगशाळेत दिसले आहे. दात काढल्यानंतर जबड्याचे हाड उघडे राहण्याचा धोका दुर्मीळ आहे, तरीही दंतवैद्याला या गोळीची माहिती आधीच द्यावी.

मात्र या भीतीने गोळी आपल्या मनाने बंद करणे धोक्याचे आहे, कारण खुबा मोडल्यावर कित्येक वृद्ध स्त्रिया पुन्हा आधाराशिवाय चालू शकत नाहीत. साधारणपणे गोळ्यांची 5 वर्षे किंवा वर्षातून एकदा शिरेतून दिल्या जाणाऱ्या, याच गटातल्या झोलेड्रॉनिक आम्लाची 3 वर्षे झाल्यावर डॉक्टर धोका नव्याने तपासतात. तो कमी असेल तर औषधाला विराम देता येतो, कारण हाडात साठलेला अंश काही काळ काम करत राहतो. मणका किंवा खुबा आधीच मोडलेला असेल, तर गोळ्या 10 वर्षांपर्यंतही सुरू ठेवल्या जातात. यासाठी गोळी कधी सुरू झाली ती तारीख फाइलीच्या पहिल्या पानावर लिहिलेली असणे आवश्यक आहे.