सुई टोचली तर लगेच सांगा मावशी

सकाळचे साडेसात. ओटीची, म्हणजे ऑपरेशन थिएटरची, लिस्ट भिंतीवर लागलीय, पहिली केस हर्नियाची. सिस्टर ट्रॉली लावतायत, टेक्निशियन भुलीचं मशीन चेक करतोय, वॉर्डबॉय मामांनी ऑटोक्लेव्हमधून, म्हणजे वाफेनं जंतू मारायच्या यंत्रातून, ड्रम काढलेत आणि मावशींची फरशी पुसून होतेय. पेशंटची काळजी इथे सगळेच घेतात, पण या चौघांना दिवसभरात काय काय होऊ शकतं ते आज बघूया.

आधी सिस्टरच्या हातातले मोजे बघा. आपल्याला वाटतं हे पेशंटला इन्फेक्शन होऊ नये म्हणून आले. पण १८८९-९० मध्ये अमेरिकेत, बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स हॉस्पिटलात कॅरोलिन हॅम्प्टन नावाच्या सिस्टर होत्या, जंतुनाशक म्हणून वापरायच्या पाऱ्याच्या द्रावणाने त्यांच्या हातांची कातडी पार खराब झाली, तेव्हा सर्जन विल्यम हॉलस्टेड यांनी गुडइयर रबर कंपनीकडून त्यांच्यासाठी पातळ रबरी मोजे बनवून घेतले. म्हणजे तिथे मोजे आले ते आधी सिस्टरच्या हातांसाठी!

आता कॉटरी सुरू झालीय, म्हणजे विजेनं मांस कापायचं, रक्त थांबवायचं यंत्र. हा जो धूर वर येतोय ना, जळलेल्या मांसाच्या वासाचा, त्यात बेंझीन असतं, फॉर्मल्डिहाइड असतं, आणि साधा सर्जिकल मास्क त्यातले बारीक कण अडवत नाही. सक्शनची नळी कॉटरीच्या टोकाजवळ धरली की बराच धूर तिथेच ओढला जातो, पण घाईत ती धरायला हात मोकळा नसतो. सिस्टर म्हणतात घरी गेल्यावर केसांना वास येतो. भुलीच्या गॅसचंही तसंच, बाहेर काढणारी नळी नीट जोडलेली नसेल तर तो खोलीतच राहतो.

शेजारच्या ओटीत हाडाची केस चालूय, तिथे सी-आर्म म्हणजे एक्स-रे. लेड एप्रन सगळ्यांनी घातलाय, चांगलंय, पण केस संपल्यावर तो घडी करून स्टुलावर टाकला जातो आणि घडीवर आतल्या शिशाला चिरा पडतात ज्या बाहेरून दिसतही नाहीत. एप्रन हँगरलाच लावायचा, एवढं साधं आहे. अंगावर किती एक्स-रे पडले ते मोजणारा टीएलडी बॅज असेल तर तो ड्रॉवरमध्ये नाही, एप्रनच्या आत छातीवर.

साडेबारा. केस संपली, सिस्टरनी सुया मोजल्या, टाके घालायच्या सुया बरोबर भरल्या. पण भूल देताना वापरलेली इंजेक्शनची एक सुई चादरीच्या घडीत राहून गेली, ती कुणी मोजतच नाही. मावशी रक्ताने भिजलेल्या चादरी गोळा करताना त्यांचा हात एकदम मागे आला. मोजा फाटला होता, तर्जनीवर रक्ताचा एक थेंब, टाचणीच्या डोक्याएवढा. त्यांनी मोजा काढला आणि बोट तोंडाकडे नेलं, सवयीनं.

"मावशी, थांबा! तोंडात घालू नका!"

"अहो सिस्टर, रोजचंच आहे हे, काय होतंय."

खरंच रोजचं आहे, म्हणून तर कुठे लिहिलं जात नाही. टोचलेल्या सुईवर एचआयव्हीचं रक्त असेल तर लागण होण्याची शक्यता हजारात साधारण तीन, पण हिपॅटायटिस बी असेल आणि लस घेतलेली नसेल तर ती शंभरात तीसपर्यंत जाऊ शकते. लस आहे, तीन डोस, शून्य, एक आणि सहा महिने. सिस्टरना नोकरीला लागताना मिळाली. मावशी कंत्राटावर आहेत, त्यांना कुणी विचारलंच नाही, आणि मला याचा राग येतो कारण सगळ्यांनी वापरलेलं शेवटी यांच्याच हातात येतं. हॉस्पिटलच्या कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांप्रमाणे सुई पांढऱ्या, भोसकता न येणाऱ्या डब्यात जायला हवी होती, चादरीत नाही. सुईचं झाकण परत बसवायचं नाही, हब कटरनं सुई कापून सरळ डब्यात. आणि २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याप्रमाणे लागण होऊ नये म्हणूनची औषधं देणं हॉस्पिटलवर बंधनकारक आहे, कंत्राटवाल्यांनाही.

सिस्टरनी मावशींचं बोट नळाखाली धरलं. साबण आणि वाहतं पाणी, दाबायचं नाही, स्पिरिट ओतायचं नाही. मग पुढची केस दहा मिनिटं थांबवून त्यांना स्वतः कॅज्युअल्टीत घेऊन गेल्या, कारण एचआयव्ही टाळायच्या गोळ्या दोन तासांच्या आत सुरू झाल्या तर सगळ्यात चांगलं आणि ७२ तासांनंतर उपयोग नाही. पेशंटचं रक्त तपासायला गेलं. रजिस्टरमध्ये मावशींचं नाव लिहिलं गेलं, वेळ लिहिली गेली, १२.५०. लसीचा पहिला डोसही तिथेच मिळाला.

मावशींनी पहिली गोळी घेतली. अशा अठ्ठावीस दिवस घ्यायच्यात. पाणी पिऊन झाल्यावर त्यांनी विचारलं, "मामांना पण मागं टोचलं होतं, त्यांना बोलावू का?"