वजीरचा बाजार

संघटना वाढली म्हटलं की आपण आधी सभासद किती ते विचारतो. आज केनियातल्या वजीरच्या शांतता समितीबद्दल बोलायचं आहे, आणि तिची वाढ त्या आकड्यात सापडणार नाही. ती दर वेळी अडली, आणि अडली म्हणून वाढली.

केनियाच्या ईशान्येला, सोमालिया आणि इथिओपियाच्या सीमेलगत वजीर हा तेव्हाचा जिल्हा, आताची काउंटी. कोरडा मुलूख, उंट-शेळ्यांवर जगणारी माणसं. वस्ती बहुतेक सोमाली. अजुरान, देगोदिया, ओगादेन ही मोठी कुळं. स्वातंत्र्यानंतर या भागावर लादलेली आणीबाणी उठली थेट १९९१ला. त्याच वर्षी शेजारी सोमालियातलं सरकार कोसळलं. निर्वासित आले, बंदुकाही आल्या. पाठोपाठ दुष्काळ. गुरं मेली आणि पाण्या-चाऱ्यावरून माणसं मारली जाऊ लागली.

१९९२ सालच्या एका रात्री घराजवळ गोळीबार सुरू झाला, तेव्हा वजीरच्या डेखा इब्राहिम अब्दी तान्ह्या लेकराला घेऊन पलंगाखाली लपल्या. सकाळी आई म्हणाली, तू लहान असताना मीही तुला घेऊन अशीच पलंगाखाली लपले होते. तिसऱ्या पिढीने पुन्हा तिथेच लपायचं का, हा प्रश्न डेखांच्या मनातून जाईना. पुढे एका लग्नात बायका जमल्या, बोलणं साहजिकच याच विषयावर आलं, आणि वेगवेगळ्या कुळांतल्या काहीजणींनी पुन्हा भेटायचं ठरवलं.

त्यांनी सुरुवात बाजारापासून केली, हे मला फार शहाणपणाचं वाटतं. बाजार बायकांच्या हातात होता. एका कुळाची बाई दुसऱ्या कुळातल्या बाईकडून काही घेईना, तिला विकू देईना. म्हणून बाजारावर लक्ष ठेवायला बायकांचीच समिती नेमली: कुठल्याही कुळातली बाई इथे बसेल, विकेल, विकत घेईल. तंटा झाला तर तिथल्या तिथे मिटवायचा.

पण बाजाराबाहेर बंदुका चालूच होत्या. खुनाची भरपाई ठरवणं, सूड थांबवणं हे कुळातल्या वडीलधाऱ्यांचं काम, आणि तिथे बसणार पुरुष. मग त्यांना एकत्र कोण बोलावणार? एका मोठ्या कुळाने बोलावलं तर दुसरं येणार नाही. म्हणून लहान कुळांतल्या जाणत्यांना पुढे केलं, ज्यांच्या जिंकण्याची कुणालाच धास्ती नव्हती. १९९३ साली अल-फताह जाहीरनामा झाला. शांततेचे नियम वडीलधाऱ्यांनी स्वतः मान्य केले.

तरी बंदूक असते तरुणाच्या हातात. म्हणून तरुणांचा गट निघाला. गाडीला, इंधनाला पैसे लागतात, म्हणून व्यापारी जोडले गेले. कुठे खून झाल्याची खबर आली की वडीलधारे, धर्मगुरू, बायका आणि सुरक्षा अधिकारी असं मिश्र पथक तातडीने निघायचं. सूड सुरू होण्याआधी पोचणं महत्त्वाचं. १९९५ मध्ये हे सगळं ‘वजीर शांतता आणि विकास समिती’ म्हणून जिल्ह्याच्या सरकारी विकास समितीला जोडलं गेलं.

इथून पुढचं थोडक्यात सांगतो, कारण सरकारी टप्पे सगळीकडे सारखेच असतात. उत्तरेतल्या इतर जिल्ह्यांनी ही पद्धत उचलली, आणि निवडणुकीनंतरचा हिंसाचार थांबवणाऱ्या २००८च्या राष्ट्रीय समझोत्यानंतर अशा समित्या देशभर स्थापायचं ठरलं. यात एक धोका आहेच. वजीरमध्ये गरज आधी आली, समिती नंतर. आदेशाने समिती आली की आधी खुर्च्या भरतात, मग काम शोधावं लागतं.

डेखांना २००७ साली ‘पर्यायी नोबेल’ म्हटला जाणारा राइट लाइव्हलीहूड पुरस्कार मिळाला. त्याच डिसेंबरात निवडणुकीनंतर केनिया पेटला. तेव्हा निवृत्त लष्करी अधिकारी आणि मुत्सद्दी यांच्याबरोबर डेखा हिंसा थांबवण्यासाठी नैरोबीत बसल्या. रोज सकाळी बैठक, आणि दार ज्याला यायचंय त्याला उघडं.