वाढत्या अंगाची खुर्ची

लहानपणी आपल्या सगळ्यांचे गणवेश वाढत्या अंगाचे शिवलेले असायचे. चड्डी पट्ट्याने आवळायची, बाह्या दुमडायच्या आणि दोन वर्षं काढायची. ती सवय इतकी मुरली आहे की व्हीलचेअर घेतानाही आपण दुकानदाराला सांगतो, "जरा ऐसपैसच द्या." बसणारा माणूस अंगाने भरलेला असेल तर तेही सांगावं लागत नाही, दुकानातली सगळ्यांत रुंद खुर्ची आपोआप पुढे येते. मी व्यवसायोपचार, म्हणजे ऑक्युपेशनल थेरपी करते, म्हणजे रोज हेच बघते, तरी माझ्याच घरात हे घडलं.

माझे मामा डोंबिवलीला राहतात. वजन ११८ किलो. मणक्याच्या ऑपरेशननंतर पायांतली ताकद गेली, हात मात्र ठणठणीत. मी परगावी असताना घरच्यांनी खुर्ची आणली. स्टीलची, २५ किलोची, बैठक २२ इंच. परत येऊन बघते तर मामा डावीकडे कललेले आणि उजव्या कुशीला घडी घातलेली सोलापुरी चादर खोचलेली. "ही कशाला?" म्हटलं. "अगं, नाहीतर मी घसरतो." टेप लावली. बसल्यावर मामांची रुंदी भरली १९ इंच. म्हणजे तीन इंच मोकळे, आणि त्या तीन इंचांत एकशे अठरा किलोचा माणूस रोज थोडा थोडा वाकडा होत होता.

इथे गल्लत अशी झाली की खुर्ची किती भार पेलते आणि खुर्ची किती रुंद आहे, हे दोन प्रश्न आपण एकच समजलो. साधी खुर्ची साधारण शंभर-एकशेदहा किलोपर्यंत चालते. त्यापुढे सांगाडा दणकट हवा. ही घडीची खुर्ची १९३३ साली अमेरिकेत हर्बर्ट एव्हरेस्ट आणि हॅरी जेनिंग्ज या दोघांनी काढली. एव्हरेस्ट खाणीतल्या अपघातात पाठ मोडलेले इंजिनिअर होते, त्यांना मोटारीत टाकता येईल अशी खुर्ची हवी होती. बैठकीखालची फुलीसारखी कैची तेव्हापासूनची. जड माणूस बसला की पहिला ताण त्या फुलीच्या जोडावर येतो, म्हणून हेवी ड्यूटी खुर्चीत बहुधा दुहेरी फुली असते. खाली वाकून तीच बघा. आणि भाराच्या आकड्यात मागे अडकवलेली पिशवी, उशी, सगळं धरतात. मामांना मी १३५ किलोपेक्षा कमी भार पेलणारी खुर्ची बघूच दिली नाही. रुंदी मात्र मामांच्या मापाची, २० इंच.

माप घेताना पलंगावर किंवा सोफ्यावर बसवू नका, मांस पसरतं आणि माप खोटं येतं. लाकडी बाकावर बसवा. दोन्ही बाजूंनी स्वयंपाकघरातले दोन पाट उभे टेकवा आणि पाटांमधलं अंतर मोजा. त्यात फार तर इंचभर वाढवा. बैठक किती खोल हवी, यासाठी पाठीपासून गुडघ्यामागच्या लवणीपर्यंत मोजायचं आणि त्यातून दोन-तीन बोटं वजा करायची, नाहीतर बैठकीची कडा लवणीत रुतते आणि माणूस पुढे सरकून पोक काढून बसतो. जाड माणसांचं आणखी एक असतं. नितंब मागे आलेले असतात, त्यामुळे खुर्चीची सरळ ताणलेली पाठ कमरेला लागतच नाही, उलट माणसाला पुढे ढकलते. पाठीचे पट्टे खालच्या बाजूने सैल करता येतील अशी खुर्ची मिळाली तर तीच घ्यावी. फूटरेस्टचं माप उशी ठेवून मगच घ्या. उशीशिवाय घेतलेलं माप घरी आल्यावर चुकतंच.

आता हलकेपणा. दुकानात सगळे फ्रेम उचलून बघतात. जरा हिशेब करा. मामा ११८, खुर्ची २५, मिळून १४३ किलो. अ‍ॅल्युमिनियमची १७ किलोची घेतली तर ८ किलो वाचले. ढकलणाऱ्या हाताला एकूण ओझं शंभराला पाच-सहानेच कमी झालं! सपाट फरशीवर फरक पडतो तो चाकातल्या हवेने आणि मागच्या चाकाच्या जागेने. मागचं चाक किंचित पुढे घेतलं की पुढच्या छोट्या चाकांवरचं वजन घटतं आणि तीच छोटी चाकं आपल्या पेव्हर ब्लॉकच्या फटीत अडकतात, हे तुम्हाला ठाऊकच आहे. फार पुढे घेतलं तर खुर्ची मागे उलटते, तेव्हा मागचे टेकू काढू नका.

मग हलकी खुर्ची कुणासाठी? मामीसाठी. रिक्षात, डिकीत, पहिल्या मजल्यावर खुर्ची चढवते ती मामी, वय ६६. तिला ते ८ किलो सोन्यासारखे. मागची चाकं बटण दाबून निघणारी असतील तर आणखी सोपं. फक्त एक बघा, जाहिरातीतलं वजन पुष्कळदा चाकं आणि फूटरेस्ट काढून केलेलं असतं. दुकानात काटा मागा. २०२५ मध्ये आयआयटी मद्रासने ‘वायडी वन’ नावाची ९ किलोची खुर्ची आणली, ती १२० किलोपर्यंत भार पेलते. बातमी वाचून मामांचा फोन आलाच. कागदावर ते बसतातही, पण दिवाळीनंतर बसतील का, हे मी त्यांनाच विचारलं.

दाराचं सांगायचं राहिलं. खुर्चीची एकूण रुंदी बैठकीपेक्षा साधारण आठ इंचांनी जास्त असते. मामांच्या बेडरूमचं दार पूर्ण उघडल्यावर मोकळी जागा २९ इंच. म्हणजे २२ इंची खुर्ची अख्खे तीन आठवडे हॉलमध्येच अडकली होती आणि मामा दिवाणावर झोपत होते. २० इंची जाते, बोटांची सालं सांभाळून. न्हाणीघरात यांतली कुठलीच जात नाही, तिथे छोट्या चाकांची वेगळी कमोड खुर्ची लागते. तेवढ्यापायी भिंती फोडू नका.

नवी खुर्ची आली की शेवटी बोटांची परीक्षा घ्यायची. बसलेल्या माणसाच्या बुडाखाली, जिथे हाड टोचतं तिथे, उशीवरून हात सरकवायचा. बोटांची टोकं थोडी वरखाली हलली तर ठीक. हलत नाहीत पण सहज बाहेर निघतात, तर सावध. चिमटून अडकली तर ती उशी त्या माणसाची नव्हे, मग ती कितीही महाग असो. ज्यांना खालची संवेदना नाही त्यांना दुखत नाही, थेट जखमच दिसते. जुन्या खुर्चीत मामांच्या डाव्या हाडाखाली माझी बोटं अडकली होती.

तिकडे बाकावर टेप आणि दोन पाट ठेवले आहेत. ज्यांच्यासाठी खुर्ची घ्यायची आहे ते सोबत आले असतील तर आत्ताच मापं घेऊ. फक्त मागच्या खिशातली पाकिटं आधी काढून ठेवा.